निळ्या फुलांच्या कपबश्या

मंडळी, कार्य कुणाचंही असो, आपल्याकडे वाद व्हायचा तो पाहुण्यांच्या पेल्यावरूनच! या घरातलं कार्य तर अजून जन्मालाही न आलेल्या जिवाचं होतं. धाकट्या सुनेला सातवा महिना लागला होता. रविवारी दुपारी बाळाच्या स्वागताला जवळची माणसं बोलवायचं ठरलं आणि जेवणाच्या टेबलाशी प्रश्न आला, प्यायला काय द्यायचं?

"लिंबाचं सरबत. आणि चहा," धाकटी सून म्हणाली.

"सरबत?" थोरल्या दिराने कपाळाला हात लावला. "अगं, माझे साहेब येणारेत. बढती त्यांच्या हातात आहे माझी. त्यांना काय सरबत पाजू? नाक कापलं जाईल!"

सुनेचा नवरा तेव्हा कामावर होता. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्याचं. दारूपायी ते एकदा जाता जाता वाचलं होतं. बाळाची चाहूल लागली त्या दिवशी त्याने बाटली सोडली, ती आजतागायत. पण सुटली, असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं. "दुकानासमोरून येताना अजून पाय अडतात गं," असं तो तिला सांगायचा आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. घराबाहेर यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. कळू द्यायचंच नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता.

"भाऊजी, यांच्यासमोर नको हो. पाया पडते तुमच्या," ती म्हणाली.

"त्याला दिसली नाही म्हणजे झालं ना?" सासूबाईंनी तोडगा काढला. "निळ्या फुलांच्या कपबश्या काढू. चहाच्या कपात चहाच आहे असं समजतात सगळे. साहेबांना सांगून ठेव फक्त."

हा तोडगा आजचा नव्हता बरं का! सासरे होते तेव्हा त्यांची दारू याच कपांतून जायची. शेजारी आले तरी "यांचा चहा चाललाय" म्हणायची सोय. सासरे कावीळ होऊन गेले. कपबश्यांना मात्र साधा टवकाही उडाला नाही.

सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती. तिला राहवेना.

"वहिनी, हा धाकटा पहिल्यांदा प्यायला तो कशातून? बाटलीतून नाही. बापाने अर्धा टाकलेला 'चहा' प्यायला होता तो. याच कपातून!"

"वन्सं, शुभकार्यात जुनी मढी कशाला उकरताय?"

"उकरायला गाडलंय कुठे? कपाटात जपून ठेवलंय तुम्ही!" आत्याबाईने वाटाण्याची टोपली बाजूला सारली. "अहो, पाहुणा दोन घटका बसेल आणि जाईल. याला इथेच जगायचंय. घर कुणाच्या सोयीने चालवायचं, ज्याला मजा हवी त्याच्या, की ज्याचा जीव जातो त्याच्या?"

"आणि लोक काय म्हणतील?" सासूबाईंनी विचारलं.

झालं! या एका वाक्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही, तिथे आत्याबाईचं काय चालणार? सून मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. नवऱ्याला सांगावं, तर घरात दारू आहे हे त्याला कळणार. न सांगावं, तर? माहेरी निघून जावं, तर त्याला एकट्याला कुणाच्या भरवशावर टाकायचं? तिला काही म्हणता काही सुचेना.

रविवार उजाडला. खोली माणसांनी भरली. सुनेच्या मांडीवर भेटवस्तूंचा ढीग झाला. इवलेसे मोजे, टोपडी, एक खुळखुळा. तिचं त्यात लक्षच नव्हतं. थोरल्याने साहेबांसाठी कप भरून ट्रे खिडकीजवळ ठेवला होता, आणि तिची नजर त्या ट्रेला चिकटली होती.

"दमलीस ना?" नवरा तिच्याजवळ येऊन म्हणाला. "थांब, चहा देतो."

ती तोंड उघडेपर्यंत त्याने वळून त्याच ट्रेमधला कप उचललासुद्धा! तिला गरम चालत नाही, म्हणून त्याने येता येता कपावर फुंकर घातली.

आणि तो जागीच थांबला.

वाफ नव्हती, वास होता. त्याची ती नजर सून ओळखत होती. कितीतरी संध्याकाळी तिने ती पाहिली होती. दारातून सासूबाई डोळे वटारून तिला खुणावत होत्या, गप्प बस!

"अरे व्वा, तूही आमच्यातलाच का?" साहेब हसले. "होऊन जाऊ दे!"

"घे रे," थोरला घाईघाईने म्हणाला. "आज तुझाच दिवस आहे. एकाने काय होतंय?"

कप ओठांकडे निघाला.

"नाही!" सून उठली. मांडीवरचे मोजे, टोपडी सगळं खाली पडलं. "माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन आहे! रोज झगडतोय तो. आणि या कपात चहा नाही, दारू आहे!"

नवऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कुणीतरी घ्या हो हा कप," तो म्हणाला. "माझ्याच्याने खाली ठेवला जात नाही."

आत्याबाई उठली, पण तिच्या आधी सासूबाई पोचल्या. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"आई," तो म्हणाला, "लहानपणी मी तुला विचारलं होतं, बाबांचा चहा असा कडू का? तू म्हणालीस, साखर संपलीय."

"साखर होती रे बाळा," सासूबाई हुंदके देत म्हणाल्या. "डबाभर होती. मला लाज वाटली म्हणून खोटं बोलले. आणि आज पुन्हा तेच केलं!"

थोरल्याने भावाकडे पाहिलं. मग ट्रे उचलला आणि एकेक कप मोरीत रिकामा केला. साहेब घड्याळ बघत उठले. त्याने त्यांना थांबवलं नाही.

मंडळी, समारंभात प्यायला काय द्यायचं, हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो. पण आपल्या घरातलं कुणी व्यसनाशी झुंजत असेल, तर त्याच्यासमोर पेला भरणं म्हणजे पाहुणचार नव्हे. आणि लाजेपोटी ते झाकून ठेवणं म्हणजे तर त्याला एकटं पाडणं. लाज व्यसनाची नका वाटून घेऊ, लपवण्याची वाटू द्या. पाहुणा रुसला तर समजूत काढता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.

त्या दिवशी निम्मे लोक लवकर निघून गेले. उरलेल्यांसाठी सासूबाईंनी चहा टाकला. साध्या पांढऱ्या कपात ओतून पहिला कप त्यांनी धाकट्याच्या हातात दिला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे का रे?"

त्याने दोन्ही हातांनी कप धरला, एक घोट घेतला आणि मान हलवली.