शिनोलीच्या सासूसुनेची पुरचुंडी

"जीभ काढ," प्यारीबाई म्हणाल्या.

भिमाजीनं मागं वळून बघितलं. आईला म्हणाल्या असतील, नाहीतर बायकोला. पण म्हातारीचं बोट थेट त्याच्याच नाकाकडं होतं.

"मला काय झालं न्हाई, मावशी. दुखणं ह्या दोघींचं हाय."

"एका घरात राहता ना? मग तिघंही काढा."

भिमाजीनं मुकाट्यानं जीभ काढली. घोडेगावच्या पेठेत मांगीलालच्या किराणा दुकानामागं एक पडवी होती. तिथं मांगीलालची आई प्यारीबाई औषधं द्यायच्या आणि त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. शिनोलीहून भिमाजी दोघींना गाडीत घालून आला होता. सून चुलीपुढं बसली की सासूच्या, बयाबाईच्या, छातीत कळ यायची. सासूनं हाक मारली की सुनेला, साळुबाईला, घेरी यायची. वर्षापूर्वी भिमाजीचा बाप गेला तेव्हापासून हेच चाललं होतं. आता आईनं निक्षून सांगितलं होतं, घरात एक तर ती राहील नाहीतर मी. साळुबाईनंही गाठोडं बांधून ठेवलं होतं.

प्यारीबाईंनी नाडी बघितलीच नाही. घरात शेवटी कोण जेवतं, पहाटे आधी कोण उठतं, असलंच काहीबाही विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात हसतं कोण?"

साळुबाईनं पदर पुढं ओढला. बयाबाई भिंतीवरच्या पालीकडं बघत बसली. भिमाजीला वाटलं, आपणच हसून दाखवावं की काय.

"धनी व्हते तवर हसायचो," बयाबाई अखेर म्हणाली.

प्यारीबाई आत गेल्या आणि फडक्यात घट्ट बांधलेली पुरचुंडी घेऊन आल्या.

"दोघींनी एका जात्यावर दळायचं, समोरासमोर बसून. एकटीनं दळलं की गुण गेला. चिमूटभर गुळासंगं दोघींनी खायचं. आणि तू रे, पुरचुंडी उघडायची नाही, दळताना जवळ फिरकायचं नाही."

पहिल्या दिवशी बंद दाराआडून नुसती जात्याची घरघर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी, "वाईच हळू वड की, खांदा उखडतीस का?" तिसऱ्या दिवशी चांगलं कडाक्याचं भांडण झालं. भिमाजी गोठ्यात जाऊन बैलाची पाठ खाजवत उभा राहिला.

आठव्या दिवशी तो दारावरून जात होता, तर आत आई सांगत होती, "बेडकाला लई भ्यायचं तुझं मामंजी. एकदा बेडूक पायावर आला, तर धोतर तिथंच टाकून पळालं!"

आणि साळुबाई खो खो हसली. पाठोपाठ आईही. भिमाजी जागच्या जागी थांबला. ज्या बापापुढं आपण कधी मान वर केली नाही, तो बेडकाला भ्यायचा?

औषध संपलं की तो घोडेगावला चालत जाई आणि पुरचुंडी देवाचा प्रसाद असावा तशी दोन्ही हातांत धरून आणी. चौथ्या खेपेला ओढ्यात पाय घसरला. त्यानं हात वर धरले, तरी गाठ सुटली. बघतो तर काय, भाजलेले हरभरे आणि सुंठीचे चार तुकडे!

तो तरातरा घरी आला नि फडकं जात्यावर आपटलं.

"फशिवलं म्हातारीनं! हरभरं हाईत हे! उद्या पेठेत चारचौघांत इचारतो तिला!"

बयाबाईनं चार दाणे तोंडात टाकले.

"आरं, चाळीस वर्सं दळतीया मी. मला हरभरं वळखू येत न्हाईत व्हय?"

"आत्यांनी पयल्या दिशीच वळखलं," साळुबाई खालच्या मानेनं म्हणाली, "मी बी."

"मग बोलला का न्हाईत?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. बयाबाईनं जात्याच्या खुंट्याला हात घातला, साळुबाईनंही घातला, आणि भिमाजी निमूटपणे बाहेर आला.

पुढच्या बाजाराला तो पडवीत उभा राहिला. काय काय बोलायचं ते दोन कोस घोकत आला होता.

"गुण आहे का?" प्यारीबाईंनी विचारलं.

भिमाजीनं पागोटं काढून पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"हाय," तो म्हणाला. "पर लवकर सरतंय. वाईच जास्त बांधा."

प्यारीबाईंनी त्याच्याकडं न बघताच फडक्यात आणखी एक ओंजळ घातली.