एकच पट्टा

तळेघरच्या वळणावर त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, की रस्ता कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. प्रतीक्षाने रडारचा डबा स्टँडवर बसवला. त्यातल्या लहरी न दिसणाऱ्या रस्त्यावरून चालत जातायत, येणाऱ्या गाडीला हात लावून परत फिरतायत, असं तिला जागेपणीच दिसू लागलं. गाडी जवळ आली की मजुराच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तो एवढाच. गट म्हणायला चौघांचा, पण बाकीचे तिघे फोटोच्या दिवशी उगवणार होते.

हाच प्रोजेक्ट निवडण्याचं खरं कारण तिने गटालाही सांगितलं नव्हतं. तिची आई द्रौपदा याच रस्त्यावर खडी टाकायची, आणि गेल्या वर्षीच्या तापात तिचं ऐकू येणं जवळजवळ गेलं होतं. समोरच्याच्या ओठांवरून ओळखून ती निभावून न्यायची. मुकादमाला कळलं तर काम सुटेल, म्हणून मायलेकी गप्प. आई घरी येईपर्यंत रोज प्रतीक्षाचा जीव टांगणीला लागलेला असे.

पट्टा एकच तयार झाला होता. तिने तो आईपुढे धरला.

"मला कशाला गं? मला लख्ख ऐकू येतंय," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "जयाला बांध."

लख्ख म्हणे! प्रतीक्षाला रागही आला आणि रडूही. पण चारचौघांत बोलायची सोय नव्हती. तिने पट्टा आईच्या शेजारी काम करणाऱ्या जयाच्या हाताला बांधला.

बायांची ओळ लागली. खडीची घमेली हातोहात सरकू लागली, झुंबरबाईकडून जयाकडे, जयाकडून द्रौपदाकडे. धुक्यात माणसं विरून गेली होती, नुसते हातच तेवढे हलत होते. बघता बघता प्रतीक्षाची तंद्री लागली.

या उतारावर काही टेम्पोवाले डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडतात. तसाच एक आला, अगदी गुपचूप. जयाच्या मनगटावरचा पट्टा थरथरला.

"गाडी!" ती ओरडली. बाया कडेला पळाल्या. द्रौपदा तेवढी पाठमोरी, निवांत खडी ओतत राहिली. पण जयाही पळाली नव्हती. तिने द्रौपदाला दंडाला धरून खेचलं, दोघी गवतात पडल्या, आणि टेम्पो घमेलं चिरडून धुक्यात नाहीसा झाला.

प्रतीक्षा धावत गेली. "जयामावशी, तू का नाही पळालीस?"

"हिला ऐकू येत न्हाई, मग पळू कशी?" जया धापा टाकत म्हणाली. "रोज मीच उभी ऱ्हाते हिच्याजवळ. मी नसले की झुंबरबाई. गेणभाऊंनीच तसं लावून दिलंय."

मुकादम गेणभाऊ ओशाळले. "वर्सभर ठावं हाय आमाला," ते म्हणाले. "तुजी आई लपवती, मग आमी तरी कशाला बोलायचं?"

द्रौपदाने ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. तिचा चेहरा आधी लाजेने उतरला, मग तिला हुंदका फुटला. जया पट्टा सोडून तिच्या हाताला बांधायला लागली, तशी तिने जयाचं मनगट घट्ट धरलं.

"मला न्हाई ऐकू येत गं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुज्याच हाताला. तू सांगत जा मला."