चारशे सव्वीस नोंदी

संस्थेत तिला सगळे कोठीवाली म्हणायचे. तळघरातल्या दोन खोल्या तिच्या ताब्यात होत्या. एकीत सर्व्हरची घरघर चालायची, दुसरीत लोखंडी कपाटं होती. कुणाचं संशोधन संपलं की त्याच्या फाइली, जुन्या सीड्या, वह्या तिच्याकडे यायच्या. ती प्रत्येकाच्या तीन प्रती करायची, त्यातली एक दुसऱ्या गावी पाठवायची, दर सहा महिन्यांनी फाइली धड उघडतात का ते पाहायची. आणि कुठल्या कॉलममध्ये काय आहे ते लिहून द्या, म्हणून फाइलच्या मालकाच्या मागे हात धुऊन लागायची. ते पान नसेल तर पुढच्या माणसाच्या हाती नुसता आकड्यांचा ढीग येतो, हे ती नव्या-जुन्या सगळ्यांना ऐकवायची. लोक मान डोलवायचे आणि विसरून जायचे.

तळेसरांच्या मागे ती नऊ वर्षं लागली होती. सरांनी एकाच तळ्याची एकतीस वर्षांची नोंद ठेवली होती. रोज सकाळी तळ्याच्या मधोमध बोट न्यायची, पाण्याची खोली, तीन पातळ्यांवरचं तापमान आणि पांढरी थाळी पाण्यात सोडली तर ती किती खोलवर दिसते, हे मोजायचं. इतकी सलग नोंद असलेली तळी फार थोडी. तिनं आठवण केली की सर हसून कपाळावर बोट टेकवायचे.

"अगं, सगळं इथं आहे. कुठं पळून जातंय?"

ते खरंच पळून जाईल हे तेव्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत सर किल्ल्या विसरू लागले, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पहिला फोन मुलीला केला आणि दुसरा कोठीवालीला.

"तुला काय विचारायचंय ते आत्ताच विचारून घे बाई," त्या म्हणाल्या. "पुढचं काही खरं नाही."

त्याच सुमाराला संचालकांनी फर्मान काढलं की वर्षाअखेर तळ्याची सगळी नोंद जगभरच्या संशोधकांना खुली करायची. मग ती दर मंगळवारी सकाळी लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी जाऊ लागली. काकू चहा ठेवायच्या, सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि ती एकेक कॉलम विचारायची. कधी सर घडाघडा बोलायचे. 'खो' म्हणजे खोली, पण पहिली सहा वर्षं ती फुटांत आहे बरं का, मीटरमध्ये नाही. 'थ' म्हणजे थाळी. ही फुटांची गोष्ट तिनं लगेच ठळक अक्षरांत लिहून घेतली. सहा वर्षांचं तळं लोकांनी तिप्पट खोल धरलं असतं. कधी मात्र सर तिच्याकडे बघून नुसतं मंद हसायचे आणि विचारायचे, "तुम्ही नव्या शेजारी का?"

चार महिन्यांत अकरापैकी दहा कॉलम सुटले. राहिला एक 'ध'. त्यात सगळीकडे शून्य होतं, फक्त एका जागी चौदा महिने सलग एकाचा आकडा. एकूण चारशे सव्वीस नोंदी. तिनं डोकं पुष्कळ खाजवलं. धुकं म्हणावं, तर चौदा महिने, भर उन्हाळ्यातसुद्धा, धुकं कुठं असतं? एक संशोधिका आपल्या प्रबंधासाठी या फाइली आधीपासूनच वापरत होती. तिनं 'धातूचा थर्मामीटर' असा अर्थ लावला होता. उपकरण बदललं असणार म्हणून त्या नोंदींत तिनं थोडी दुरुस्ती केली होती, आणि त्या चौदा महिन्यांतल्या हिवाळ्यात तळं नेहमीपेक्षा कोमट राहिलं, असा निष्कर्ष काढून दोन प्रकरणं लिहिली होती. ऐकायला पटण्यासारखं होतं. तरी खुद्द सरांना विचारल्याशिवाय ते लिहायला कोठीवालीचा हात धजेना.

त्या मंगळवारी तिनं स्क्रीन सरांकडे वळवली. "सर, हा 'ध' कसला?"

सरांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला. ते खुर्चीतून घाईनं उठले.

"थांब हं. फोन करून येतो," ते म्हणाले, पण तिला नव्हे. खुर्चीसमोरच्या रिकाम्या दिवाणाकडे बघून म्हणाले.

ते बाहेरच्या बोळात गेले. दाराच्या फटीतून ती बघत होती. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. हातात फोन नव्हता, ओठही हलत नव्हते. नुसते उभे. मिनिटभरानं त्यांनी रुमालानं डोळे पुसले, शर्ट नीट केला आणि हसत हसत आत आले.

"एकोणीस पूर्णांक चार," ते दिवाणाला म्हणाले. "बघ, तुझ्याशिवायही चाललंय. लिही."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि पुढे होऊन सरांना खुर्चीत बसवलं.

सर दमून झोपल्यावर काकूंनी सांगितलं. 'ध' म्हणजे धाकटा. सरांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, शिक्षण अर्धवट राहिलं, भावाकडेच राहायचा. तळ्यावर रोज बोट नेणारा तोच. अठरा वर्षं, ताप असो की पाहुणे असोत, पहाटे उठून तळ्यावर हजर. सर संस्थेत बसून आकडे मांडायचे, लेख लिहायचे, परिषदांना जायचे.

"मग भाऊजी आजारी पडले," काकू म्हणाल्या. "रक्ताचा आजार. इस्पितळ दोनशे मैलांवर. हे त्यांच्याजवळ राहिले. संस्थेला पत्र पाठवलं, की तळ्यावर कुणाला तरी नेमा. संस्थेनं साफ हात वर केले. पण भाऊजींना ते सांगायचं कसं? ते रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, तळ्याचं काय? हे म्हणायचे, माणूस नेमलाय, फोन करून विचारून येतो. बाहेर जायचे आणि आकडा घेऊन यायचे. भाऊजी उशाखालची वही काढून लिहायचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी दर रविवारी जायची. त्या मजल्यावर फोनच नव्हता गं." काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "एकदा मी ह्यांना भिंतीशी उभं पाहिलं. मी पाहिलं हे त्यांना कळलं नाही. मी कधी कळूही दिलं नाही."

वही कपाटात होती. कोठीवालीनं ती जपून उघडली. पहिल्या महिन्यांतली अक्षरं टपोरी, रेघेला धरून. मग ती वाकडी होत गेली, मग रेघ सोडून खाली घसरली. शेवटच्या आठवड्यात तर आकडा कुठला आणि रेघोटी कुठली, हे कळत नव्हतं. भाऊ गेल्यावर दोन दिवसांनी सर परतले आणि स्वतःच तळ्यावर जाऊन मोजू लागले होते, आणि पुढे कधीतरी संगणकावर सगळं चढवताना त्यांनी ही वहीही चढवली होती. ती पानं गाळणं त्यांना जमलं नसावं. पण प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी 'ध'मध्ये एकाचा आकडा मांडला होता. खोटं लपवलं नव्हतं, आणि उघडही केलं नव्हतं.

"आता काय करणार तू?" काकूंनी विचारलं.

"लिहावं लागेल काकू. या नोंदी मोजलेल्या नाहीत म्हणून."

"धातूचा थर्मामीटरच राहू दे की. तूच सांगितलंस ना, ती प्रबंधवाली मुलगी म्हणतेच आहे. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

"एकतीस वर्षं राबले गं ते. लोक तेवढंच लक्षात ठेवतील. आणि आता त्यांना स्वतःची बाजूही मांडता येत नाही."

कोठीवालीनं वही मिटून काकूंपुढे ठेवली. ती जायला उठली तेव्हा काकू दारापर्यंत आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी बेल वाजवूनही दार उघडलं नाही. आत सरांचा आवाज येत होता, "कुणीतरी आलंय," आणि मग काकूंचा, "कुणी नाही." ती जिन्यातच दोन मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली.

नऊ वर्षांत तिनं कित्येकांना सुनावलं होतं, की खरं-खोटं आत्ताच लिहून ठेवा. आता तिची स्वतःची पाळी आली होती. पान समोर उघडं होतं आणि हात चालत नव्हता. तीन दिवस ती इतर कामं उपसत राहिली. चौथ्या दिवशी तिनं आधी त्या संशोधिकेला फोन लावला. तिला अंधारात ठेवणं बरं नव्हतं.

कोठीवालीनं तिला सगळं सांगितलं. संशोधिका म्हणाली, "म्हणजे माझी दोन प्रकरणं गेली."

"हो."

"पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता." तिचा आवाज चढला. "ताई, हे तीस वर्षांत कुणी एका ओळीत लिहून ठेवू शकलं नाही?" आणि तिनं फोन ठेवला. कोठीवालीला तिचा राग आला नाही. हाच प्रश्न तीही इतकी वर्षं विचारत आली होती.

दहा दिवसांनी काकू स्वतः तळघरात आल्या. या इमारतीत त्या पहिल्यांदाच उतरत होत्या. सरांना शेजारणीकडे बसवून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. चौदा महिन्यांची ती एक वही नव्हे, अठरा वर्षांच्या सगळ्या.

"लिहिणारच असशील तर सगळंच लिही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या एकाही लेखावर भाऊजींचं नाव नाही. कुठं आभारसुद्धा नाहीत. मी एकदा बोलले होते, तर म्हणाले, तो घरचाच आहे, त्याला कसले आभार. बघ, अक्षर कुणाचं आहे."

कोठीवालीनं वह्या उघडल्या. टपोरं, रेघेला धरून असलेलं तेच अक्षर, पानामागून पान, साडेसहा हजार सकाळी.

त्या दिवशी दोघींनी मिळून पान लिहिलं. सरांच्या नावाच्या जोडीला धाकट्याचं नाव, 'निरीक्षक, पहिली अठरा वर्षं'. त्याखाली 'ध' या कॉलमचा खुलासा. या चारशे सव्वीस नोंदी प्रत्यक्ष मोजमापाच्या नाहीत, आजारी निरीक्षकाला धीर देण्यासाठी अंदाजानं सांगितलेल्या आहेत, कोणत्याही गणितात धरू नयेत. 'आजारी' हा शब्द काकूंनी घालायला लावला. 'धीर' या शब्दावर त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. तेवढं खरं आहे."

ठरल्या दिवशी नोंद खुली झाली. संचालक दोन दिवस धुसफुसले, कारण तळ्यावर माणूस नेमा म्हणून सरांनी इस्पितळातून पाठवलेलं, संस्थेनं धुडकावलेलं ते पत्रही कोठीवालीनं जुन्या फाइलींतून शोधून जोडलं होतं. मग तेही थंडावले. संशोधिकेचं जवळजवळ वर्ष गेलं. तिनं दोन्ही प्रकरणं नव्यानं लिहिली, पण परत फोन केला नाही.

कोठीवाली पान छापून सरांकडे घेऊन गेली. काकूंनी दार उघडलं आणि त्या चहा ठेवायला वळल्या. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोन्ही नावं सावकाश वाचली. स्वतःच्या नावावर ते थांबले नाहीत. दुसऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आमचंच आडनाव आहे. हे कोण?"

"तुमचा धाकटा भाऊ," काकू म्हणाल्या.

सरांचा चेहरा उजळला. "मला भाऊ आहे?"

कोठीवालीनं काकूंकडे पाहिलं. काकू गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

"मग येत का नाही तो?"

काकूंनी गॅस बारीक केला. सर वाट बघत राहिले, मग कशाची वाट बघतोय तेच विसरले आणि कागदाची घडी घालू लागले. उलटी, सुलटी, पुन्हा उलटी. कोठीवालीनं तो कागद त्यांच्या हातून घेतला नाही. ती चहा संपेपर्यंत बसली.