डिंकात राहिलेली चांदी

चेलना छाजेडच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही, मुंगी दिसली तरी पाय उचलून जातात. आणि ही पोरगी मात्र रोज विद्यापीठात जाऊन पेशी मारायची. मुद्दाम नव्हे हो, तिला त्या जगायलाच हव्या होत्या! भाजलेल्या जखमेच्या मलमासाठी ती चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवत होती. हे कण जंतूंचा फडशा पाडतात, पण त्याच झपाट्यात कातडीच्या पेशींचाही निकाल लावतात. म्हणून कणांवर लेप चढवायचा, म्हणजे चांदी पेशींना थेट भिडत नाही.

लेप कशाचा? तर आजोबा सोहनलाल यांच्या दुकानातल्या बाभळीच्या डिंकाचा. कल्पना तिचीच, म्हणून जास्तच लाडकी. पण पेशी काही दाद देईनात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर निळा रंग टाकला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. चेलनाची बशी पाच महिने निळीशार होत होती. "आज किती मारल्या?" असं दादी जतनबाई जेवताना विचारायच्या, आणि चेलना ताटात मान घालायची.

तिचे मार्गदर्शक निंबा पाटील सर खानदेशातल्या भडगावकडचे. एरवी छापील बोलणारे, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणीवर यायचे. "पोरी, आते बस," ते म्हणाले, म्हणजे आता पुरे. ही शेवटची बशी. यातल्याही पेशी मेल्या तर डिंक सोडायचा आणि दुसरा विषय घ्यायचा.

त्यात जैनांचं पर्युषण लागलेलं. सूर्यास्तानंतर तोंडात काही घालायचं नाही. एरवी चेलना खुशाल सूट घ्यायची, पण या आठ दिवसांत दादींपुढे कोणाची टाप? त्या संध्याकाळी कण डिंकाच्या पाण्यात तासभर ठेवून मग धुवायचे होते. पावणेसहाला तिनं कण घातले आणि सहा-दहाला फोन वाजला. "छोरी, सूर्य चालला," दादी म्हणाल्या. चेलनानं स्कूटी काढली ती थेट ताटावर येऊन बसली.

सकाळी पाहते तर बाटली टेबलावर तशीच. शेवटची संधी, आणि बाईसाहेबांनी ती जेवणापायी घालवली! तिला रडूच आलं. नवे कण करायला वेळ नव्हता. तेच धुतले, पेशींवर घातले, आणि वहीत खरं ते लिहिलं, डिंकात पंधरा तास.

दुसऱ्या दिवशी तिनं रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळं काहीच नाही. रंग टाकायला विसरले असं वाटून तिनं परत टाकला. तरी पेशी आपल्या स्वच्छ. मग तिनं सरांना हाक मारली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "बठ्ठ्या जित्या शेतस," ते हळूच म्हणाले. सगळ्या जिवंत! "काय करं तू?"

चेलनानं फोन, सूर्य, ताट, सगळं सांगून टाकलं. सर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तासाभरात डिंक कणाला नुसता टेकत होता आणि धुताना निघून जात होता. रात्रभरात तो घट्ट बसला. पण एकदा जमलं त्याला विज्ञान म्हणत नाहीत. परत करायचं, तासाभराचे आणि पंधरा तासांचे कण शेजारी शेजारी.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी, त्या दिवशी सगळ्या जीवांची क्षमा मागतात; निकाल निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तासाभराची बशी निळी, पंधरा तासांची स्वच्छ. चेलनाला आनंद आवरेना. ती स्कूटीवरून घरी गेली आणि दादींना मागे बसवून घेऊन आली.

जतनबाईंनी चष्मा काढून स्वच्छ बशीवरच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"या जिवंत आहेत?"

"हो दादी, सगळ्या."

दादी जागच्या हलेनात. सर मागे ताटकळत उभे राहिले. शेवटी दादींनी मान वर केली, डोळे पुसले आणि शेजारची निळी बशी स्वतःपुढे ओढली. त्यातल्या मेलेल्या पेशींपुढे त्यांनी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं," त्या म्हणाल्या. "पोरीला माफ करा. ती शिकत होती."

चेलनानं हात जोडले. तिच्यामागे सरांनीही.