गुडघा बंद, ब्रेक मोकळा

एकोणीस वर्षं जो माणूस जमिनीपासून पन्नास-पंचावन्न मीटर उंचावर बसून काम करत होता, तो पडला कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. स्टूल जेमतेम दीड फुटाचं, आणि वर चढायचं कारण एक बल्ब. बल्ब नीट बसला, स्टूल सरकलं, आणि उजवा गुडघा असा काही फिरला की ऑपरेशनशिवाय गत्यंतर उरलं नाही. बायकोने हसायचं नाही असं ठरवलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने ते पाळलंही.

बांधकामावर त्यांना सगळे वरचेकाका म्हणायचे. टॉवर क्रेनच्या डोक्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये ते सकाळी सातला जाऊन बसायचे ते संध्याकाळीच खाली यायचे, डबासुद्धा वरच. खालच्या माणसांना काका म्हणजे काचेतून दिसणारं एक कोपर आणि वॉकीटॉकीवरचा आवाज. ऑपरेशननंतर चार महिने घरी काढले आणि मग कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि हेल्मेट वाटायला. लोक तिथेही त्यांना वरचेकाकाच म्हणत. कुणाच्या मनात काही नसायचं, पण खाली बसलेल्या माणसाला ती हाक लागतेच.

सेफ्टीवाल्या साहेबांनी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या दिवशी काकांनी खालपासून केबिनपर्यंतची उभी शिडी, एकशे ऐंशी पायऱ्या, पंचवीस मिनिटांत चढून दाखवायची. जमलं तर केबिन त्यांची. नाही जमलं तर सध्याचा हंगामी ऑपरेटर कायम होणार आणि काका स्टोअरमध्ये कायम. साहेब काही दुष्ट नव्हते, पण ज्याला चढता येत नाही त्याला पंचावन्न मीटरवरून आगीच्या वेळी उतरवणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हेल्मेटचं माप विचारत उरलेला जन्म काढायचा, ही कल्पनाच काकांना सहन होत नव्हती.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट होती. काकांच्या मुलीच्या वयाची, चणीने लहान, बोलायला गोड आणि ऐकायला पक्की. काकू तिला गुडघ्याची ताई म्हणत. ताईने सहा आठवड्यांचा तक्ता दिला. आठवड्याला सात चौकोन. तीन चौकोनांत इमारतीचे जिने चढायचे, किती मजले ते लिहिलेलं. उरलेल्या चारांत बारीक अक्षरांत नुसतं ‘विश्रांती’, आणि खाली कोरी जागा.

इथे काका फसले, आणि असं फसायला क्रेनवालाच असावा लागतो. क्रेनवर रोजची नोंदवही असते. तारखेपुढे चौकोन, चौकोनात नोंद, नोंदीखाली सही. कोरा चौकोन म्हणजे त्या दिवशी कुणी क्रेनकडे पाहिलंच नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी काकांकडून असा एक चौकोन राहिला होता आणि तपासनिसाने सगळ्यांदेखत त्यांचे असे कान उपटले होते की ते अजून गरम व्हायचे. आता हा माणूस आठवड्याला चार कोरे चौकोन उघड्या डोळ्यांनी बघणार? शक्यच नव्हतं. विश्रांती म्हणजे ताईने आपल्या वयाकडे बघून दिलेली सूट, असा त्यांनी सोयीस्कर अर्थ लावला. सूट घेणाऱ्यांतले आपण नव्हे, असंही स्वतःला बजावलं.

मग सोमवारी पाच मजले, मंगळवारी पाच मजले, बुधवारी सहा. शनिवार-रविवारही सुटले नाहीत. काकू ग्रंथालयात नोकरीला होत्या, त्या घरी यायच्या आत सगळं उरकलेलं असायचं. गंमत म्हणजे हे सगळं काकांनी तक्त्यात खरं खरं लिहून ठेवलं. माणूस हट्टी होता, पण नोंदीत खोटं लिहिणारा नव्हता.

दहाव्या दिवशी गुडघा सुजला. काकांचं निदान तयार होतं: व्यायाम कमी पडतोय. त्यांनी दोन मजले वाढवले. सूज वाढली. त्यांनी आणखी एक वाढवला. आता या माणसाला काय म्हणावं? क्रेनच्या मोटरचा आवाज जरा बदलला तरी जो काम थांबवून मेकॅनिकला वर बोलवायचा, त्याचा स्वतःचा गुडघा कुरकुरत होता आणि हा ऐकायला तयार नव्हता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू कामावरून परतल्या तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर त्यांना नवरा बसलेला दिसला. घामाने डबडबलेला, दोन्ही हातांनी गुडघा धरून. पाय वाकतही नव्हता आणि सरळही होत नव्हता. काकूंनी आधी पिशवी खाली ठेवली, मग त्या शेजारी बसल्या. रागावायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ते गिळलं.

“संपलं गं,” काका म्हणाले. “आता काही मी वर जात नाही.”

सत्तावीस वर्षांच्या संसारात हा माणूस घाबरलेला काकूंनी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. शेजारच्या दोघांच्या मदतीने त्यांनी त्यांना घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन ताईकडे नेलं.

ताईने तक्ता पाहिला. मग पुन्हा पाहिला. पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच चुकून सातही दिवस भरून दिले. गुडघा दाबून, वाकवून, मोजून झाल्यावर तिने सांगितलं की आत काही तुटलेलं नाही, नुसता थकून फुगलाय. ते ऐकून काकूंच्या जिवात जीव आला. काकांच्या मात्र नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष तारखेवर होतं. रोज केल्याशिवाय ताकद येणार कशी, असं त्यांनी जरा घुश्शातच विचारलं आणि कोऱ्या चौकोनांची आपली सगळी कैफियत मांडली, तपासनिसासकट.

ताई हसली नाही. तिने विचारलं, “काका, जोराचा वारा सुटला की तुम्ही क्रेन चालवता?”

“वेड लागलंय का? बंद ठेवतो.”

“मग त्या दिवशी चौकोनात काय लिहिता?”

“वारा जास्त. क्रेन बंद. ब्रेक मोकळा. आणि सही.” ब्रेक मोकळा म्हणजे काय, हेही काकांनी आपणहून समजावलं. क्रेनचा लांब हात अशा दिवशी वाऱ्याबरोबर फिरू द्यायचा असतो. धरून ठेवला तर सगळी क्रेन उलटते.

“म्हणजे तो दिवस वायाच गेला म्हणायचा.”

काका खवळले. वाया कसा? वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच. त्या दिवशी जो शहाणपणा करून क्रेन चालवतो तो स्वतः तर जातोच, खालच्या चार जणांना घेऊन जातो. इतकं तावातावाने बोलून झाल्यावर काका एकदम थांबले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

“जिने चढल्या दिवशी स्नायू दमतो, थोडा झिजतो,” ताई म्हणाली. “तो भरून येतो, घट्ट होतो, तो बसल्या दिवशी. तुम्ही त्याला भरूच दिलं नाहीत. चौकोन कोरा नको असेल तर नका ठेवू, पण खरी नोंद करा.”

आधी सलग पाच दिवस काहीही नाही, मग पुन्हा एक दिवस चढायचं आणि एक-दोन दिवस बसायचं, असं ठरलं. चाचणीपर्यंत जमेल का, असं काकांनी दारातून वळून विचारलं. ताईने खोटा धीर दिला नाही. सूज उतरली तर जमेल, एवढंच म्हणाली.

आता घरात एक नवीनच प्रकरण सुरू झालं. एकोणीस वर्षं खुर्चीवर बसून काम केलेल्या माणसाला बसता येत नव्हतं. पाय उशीवर ठेवून काका दहा मिनिटं पडायचे की लगेच पडदे तपासायला उठायचे. काकूंनी हात टेकले. शेवटी त्या तक्ता घेऊन आल्या आणि पेन त्यांच्या हातात दिलं. काकांनी गंभीर चेहऱ्याने लिहिलं: गुडघा बंद. ब्रेक मोकळा. खाली सही केली. मग म्हणाले, सुपरवायझरचीही सही लागते. काकूंनी सही केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: तोंड चालू. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. दोघं इतके हसले की गुडघ्याला धक्का बसला.

सहाव्या दिवशी सकाळी काका पलंगावरून उठले आणि न धरता उभे राहिले. कातडी सैल झाली होती, गुडघ्याची वाटी पुन्हा दिसायला लागली होती. त्या दिवशी चार मजले, सावकाश. दुसऱ्या दिवशी बंद. त्याच्या पुढच्या दिवशी तेच चार मजले चढताना काका तिसऱ्यावर थबकले, कारण त्यांना दम लागला नव्हता. त्यांनी जिन्याकडे संशयाने पाहिलं. पायऱ्या तेवढ्याच होत्या. आदल्या दिवशी सोफ्यावर पडून आपण नेमकं काय केलं, हे त्यांना नीटसं कळलं नाही, पण पायाला कळलं होतं.

चाचणीच्या दिवशी काकूंनी रजा काढली. शिडीखाली सेफ्टीवाले साहेब घड्याळ घेऊन उभे होते, आणि शिट्टी होता. शिट्टी म्हणजे खालून क्रेनला इशारे देणारा, काकांचा एकोणीस वर्षांचा जोडीदार. दोघांनी जितक्या गप्पा मारल्या त्या सगळ्या वॉकीटॉकीवर. काकांनी पट्टा अडकवला आणि चढायला लागले.

पहिल्या टप्प्यावर, जाळीच्या फळीवर, काका खाली बसले. पाय लांब केले. साहेबांनी भुवया उंचावल्या. काकूंना वाटलं, झालं, पुन्हा जिन्यावरची गत. शिट्टीने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. मिनिटभराने काका उठले आणि चढायला लागले. दुसऱ्या टप्प्यावर पुन्हा बसले. तिसऱ्यावर पुन्हा. आधीचे काका दम लागला तरी मधे कधी थांबले नसते, निदान लोकांसमोर तर नाहीच. साहेबांनी नियमांचा कागद काढून पाहिला. बसू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवव्या टप्प्यावरून ते दिसेनासे झाले आणि काकूंनी शिट्टीची बाही कधी घट्ट धरली ते त्यांनाही कळलं नाही. बाविसाव्या मिनिटाला वॉकीटॉकी खरखरला.

“बसलो रे,” काकांचा आवाज आला. “खुर्चीवर.”

शिट्टी नुसताच मान हलवत राहिला, जसं काही वरून ते दिसणार होतं. साहेबांनी त्याच्याकडून वॉकीटॉकी घेतला, अभिनंदन केलं, आणि लगेच कामाचं बोलले. हंगामी ऑपरेटर उद्यापासून दुसऱ्या बांधकामावर चालला होता. उद्या सकाळी सातला तुम्हीच या.

केबिनमध्ये काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. सहा महिने ज्याची वाट पाहिली तेच बोलणं आलं होतं. पण गुडघा आतून गरम झाला होता. दुखत नव्हता, दमला होता. नाही म्हटलं तर साहेबांचं मत फिरेल का, ही भीती त्यांना वाटलीच. मग त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

“साहेब, उद्या नाही जमणार,” काका म्हणाले. “आज चढलोय, उद्या विश्रांती. परवा सातला हजर.”

साहेबांनी वर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि उगाच एकदा गाल खाजवला.

“परवा सातला,” ते म्हणाले, आणि शिट्टीकडे वळले. “उद्या माल खालीच राहू द्या.”

काकू तिथेच एका पालथ्या बादलीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. शिट्टीने विचारलं, काय झालं वहिनी, पास झाले की ते. पास झाल्याचं नाही, काकू डोळे पुसत म्हणाल्या. हा माणूस आपणहून थांबला, त्याचं रडू येतंय.