मैदानावर आखलेला बाजार

पाच वर्षं माझा तळ कुणाच्या नजरेस पडू द्यायचा नाही, असा नेम मी एकदा केला होता. मी रांगोळीची डबी. पत्र्याची, गोल, सव्वा किलो रांगोळी मावेल एवढ्या पोटाची. डबीनं कसले नेम करायचे, असं वाटेल तुम्हाला. पण ज्या घरी मी नांदले तिथं सोमवार गेला की चतुर्थी, चतुर्थी गेली की एकादशी दाराशी उभी असायची. राहून राहून मलाही सवय लागली.

माझा जन्म शहागंजातला. पोलीस अॅक्शननंतरच्या धामधुमीतून सावरून नूरमोहम्मदचाचांनी पत्र्याच्या डब्यांचं लहानसं दुकान टाकलं होतं. तुपाचा रिकामा डबा कापून त्यांनी मला घडवलं. माझ्या पोटावर जुन्या छापातलं अर्धं झाड तसंच राहिलं. उरलेलं अर्धं कुणाच्या चहाच्या डब्यावर गेलं असेल.

द्वारकाबाईंनी मला उचललं, उलटं केलं, टकटक वाजवलं. "चाचा, सांध्यांना डाग नीट दिलाय ना? सांडायला नको."

"बेटी, पाणी भरून घरी ने. एक थेंब गळला तर डबी परत आणि वर चहा."

चहा प्यायला त्या कधी गेल्या नाहीत. मी गळलेच नाही.

उस्मानपुऱ्यात द्वारकाबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. माझी जागा दाराशी, तुळशीच्या कट्ट्यावर. त्यामुळं घरातलं थोडं आणि रस्त्यावरचं सगळं माझ्या कानावर पडे. पुढं एका आषाढात बाईंनी गोपद्मांचा वसा घेतला. चातुर्मासात रोज सकाळी गायीच्या पावलांची तेहतीस चित्रं काढायची, हळदकुंकू वाहायचं, असं पाच वर्षं. मागायचं काय, असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाल्या, "मागायचं काही नाही गं. रोज एवढा वेळ खाली वाकलं की बरं वाटतं." तेव्हाच मीही मनातल्या मनात माझा नेम केला. बाईंचा हात आत आला की चिमूट भरलीच पाहिजे.

घरासमोर मोठं मैदान होतं. त्याच्या एका कडेला ताडपत्रीची दहा-बारा दुकानं, बाकी सगळं मोकळं. पहिलं दुकान युसूफभाई शिंप्यांचं. त्यांच्यापुढं, उघड्यावर, सरूबाई भाजी घेऊन बसायची. ती देवगाव रंगारीहून पहाटेच्या एसटीनं यायची. संध्याकाळी उरलेला पाला मैदानाच्या कोपऱ्यात टाकायची, तो खायला गायी जमायच्या. रिकाम्या टोपल्या युसूफभाईंच्या दुकानात ठेवून ती घरी जायची. बदल्यात त्यांना रोज कोथिंबिरीची जुडी. दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारत. ते म्हणायचे, "मावशी, तुझी वांगी माझ्याहून म्हातारी दिसतात." ती म्हणायची, "तुज्या शिलाईपेक्षा तरी टिकतात, लेका."

त्याच सुमारास शहराबाहेर वाळूजकडं कारखाने उभे राहिले आणि शहर भराभर वाढू लागलं. नव्या बिऱ्हाडांना बाजार हवा होता. एके दिवशी आमच्या समोरच्या भिंतीवर निळा नकाशा लागला. मैदानावर दुमजली बाजार, खाली पक्के गाळे, पुढं मोटारींची जागा. लोकांची हरकत नाही अशा सह्या सोमवारपर्यंत द्यायच्या होत्या. सह्या झाल्या की काम सुरू.

नकाशा बघणारी माणसं बघण्यात माझे चार दिवस मजेत गेले. प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधायचा. ते त्यात नाही असं कळलं की मान हलवून "छान आहे" म्हणायचा. एक गृहस्थ बराच वेळ जिन्याला गटार समजून नाक धरून बोलत होते.

आप्पासाहेब सगळ्यात खूश. ते आमच्या वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. गावाकडं शेती, इथं बंगला, आणि दारात वस्तीतली एकुलती एक फियाट. "शहरासारखं शहर दिसेल," ते म्हणायचे. "गाडी लावायला जागा नको का?"

"तुमच्या एकट्याच्या गाडीला एवढी जागा?" कुणीतरी विचारलं.

"आज एक आहे. उद्या तुमच्याही येतील."

हे ऐकून ज्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती तेही सरसावून उभे राहिले.

सरूबाईला वाचता येत नव्हतं. नकाशा घेऊन आलेल्या इंजिनिअरला, बद्रीनाथला, तिनं गाठलं. पोरसवदा, नम्र मुलगा होता. "लेकरा, यात मी कुठं हाय?"

"तुम्ही पहिल्या मजल्यावर, मावशी. भाजी विभाग वर आहे."

"आन् चढायचं कसं?"

"जिना आहे ना. सव्वीस पायऱ्या."

"सव्वीस पायऱ्या चढून मेथीची जुडी घ्यायला कोण यील? भांडायला म्हणून माझी सवतसुद्धा यायची नाय."

सगळे हसले. युसूफभाई हसले नाहीत. "मावशी, चोवीस बरसाती काढल्या मी ताडपत्रीखाली. लोकांची लग्नाची कापडं भिजली. भिजलेल्या शालूचे बोल कुणी खाल्ले? मी. आता पक्की छत दारात आली, तर तू सव्वीस पायऱ्या मोजत बसलीस."

"मग घे की छत. मी नाय म्हणलं व्हय?"

एवढंच बोलली. पण त्या संध्याकाळी तिनं टोपल्या त्यांच्या दुकानात ठेवल्या नाहीत. एकात एक घालून, डोक्यावर घेऊन एसटीनं परत नेल्या. दुसऱ्या दिवशी कोथिंबीरही नाही. द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना जेवण गेलं नाही. युसूफभाईंचं छपरही त्यांना हवं होतं आणि सरूबाईची जागाही. पण दोन्हींसाठी कुठं सही करायची ते कागदावर नव्हतं.

शनिवारी बद्रीनाथ पुन्हा आला तेव्हा बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "बाळा, ही एवढीशी रेघ म्हणजे जमिनीवर किती रे?"

"एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, काकू."

"मग ती जमिनीवरच काढू या की. मला कागद कळत नाही, पण रांगोळीतली चूक उभ्या उभ्या दिसते."

तो आधी हसला. मग हसायचा थांबला. "उद्या रविवार. सकाळी सात वाजता येतो. टेप आणतो."

दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर. जमीन कोरडी आणि सकाळ गार. आंघोळ करून बाई मला घेऊन तशाच मैदानात आल्या. गोपद्मं घरी जाऊन काढू म्हणाल्या. पण बोटांच्या चिमटीनं मैदान कधी आखून व्हायचं? युसूफभाई खिळा आणि हातोडी घेऊन आले. "वहिनी, डबीच्या तळाला भोक पाडलं तर चालता चालता सरळ रेघ पडेल. मारू?"

बाईंनी पदरानं मला पुसलं. क्षणभर धरून ठेवलं. "मारा. तिलाही थोडं पुण्य लागू दे."

खरं सांगते, दुखलं नाही. गुदगुल्या झाल्या. बद्रीनाथ टेप धरून पुढं, बाई मला हलवत मागं. माझ्या तळातून पांढरी धार लागली आणि गाळे जमिनीवर उतरू लागले. मी रिकामी झाले की बायका आपापल्या घरची रांगोळी ओतत. तीही सरली तेव्हा युसूफभाईंच्या नजमाबींनी रंगकामातली उरलेली चुन्याची भुकटी चाळून आणली. माझा नेम त्या सकाळी तीनदा मोडला. तळ साऱ्या उस्मानपुऱ्यानं पाहिला. मला मेलं काहीच वाटलं नाही.

नऊच्या सुमारास बाजार तयार झाला आणि माणसं त्यात शिरली. काय गंमत सांगू! बोटभर रुंदीच्या रेघा, पण कुणी भिंत ओलांडेना. एक आजोबा चुकून रेघेवरून आले तर दहा जण ओरडले, "अहो, भिंतीतून कुठं येता? दार तिकडं!" आजोबा खरंच मागं फिरले आणि दारातून आले. केळीवाल्यानं हातगाडी आत आणली ती दोन गाळ्यांमधल्या बोळात वळेचना. त्याला उलट पावली बाहेर जावं लागलं. बद्रीनाथनं वहीत काहीतरी खरडलं. युसूफभाईंनी शिलाईमशीन उचलून आपल्या गाळ्यात ठेवली, स्टुलावर बसले आणि वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं, पण चेहरा असा की छत दिसलंच जणू.

तेवढ्यात सरूबाई एसटीतून उतरून आली. डोक्यावर टोपली. रेघांच्या कडेनं ती एक चक्कर चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंच शिरली नाही.

द्वारकाबाईंनी विचारलं, "बद्रीनाथ, तो वरचा मजला कुठं काढू रे?"

बद्रीनाथनं वर पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"बाई," सरूबाई म्हणाली, "समदे आत गेले. मी उभी कुठं ऱ्हाऊ?"

मला वाटतं, त्या घडीला नकाशा पहिल्यांदा सगळ्यांना वाचता आला.

काही अडलं की बाई नेमाकडं वळत. मला हलवून बघितलं. आत चुन्यात मिसळलेली मूठभर रांगोळी होती. आजची गोपद्मं राहिलीच आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. गायी जिथं पाला खायला उभ्या राहत तो कोपरा समोरच होता. नकाशात ती मोटारींची जागा. तिथं त्या वाकल्या आणि एकेक पाऊल काढू लागल्या. तेहतिसावं काढलं तेव्हा माझ्यात कण उरला नव्हता. सरूबाईची मान अवघडली होती. तिनं त्या पावलांशेजारी टोपली टेकवली आणि मांडी घातली.

इतक्यात हॉर्न वाजला. मोटारींची जागा बरोबर बसते का ते बघायला आप्पासाहेब फियाट घेऊन आले होते. गाडी झोकात वळली आणि कचकन थांबली.

"द्वारकाबाई, हे जरा पुसा. गाडी लावून बघतो."

"नेमाचं आहे, आप्पासाहेब. माझ्या हातानं नाही पुसणार. तुम्ही पुसा हवं तर, मी रागावणार नाही."

आप्पासाहेब खाली उतरले. पाय उचलला. तेहतीस पावलं त्यांच्याकडं बघत होती. पाय तसाच मागं घेतला. "गायीच्या पावलांवरून मोटार घालू मी? आमच्या आई वर बसून कान पिळतील माझा." त्यांनी गाडी मागं घेतली, बाजूच्या गल्लीत लावली आणि चालत आले.

"गल्लीपासून किती पावलं झाली, साहेब?" सरूबाईनं विचारलं.

त्यांनी खरंच मोजली होती. "तीस."

"झिजला नाय ना कुठं?"

आप्पासाहेबच आधी हसले. मग मैदान हसलं. "घ्या, माझी गाडी गल्लीत बरी आहे," ते म्हणाले. "पण बाई, ही उन्हात बसणार का मग?"

ऊन आता सरूबाईच्या तोंडावर आलं होतं. युसूफभाई मशीनवरून ते बघत होते. ते उठले. आपल्या गाळ्याच्या पुढच्या रेघेशी आले. चोवीस पावसाळ्यांनंतर मिळालेली ती रेघ. चप्पल काढली आणि उघड्या पायानं ती पुसून टाकली.

"एक हात मागं घ्या मला, साहेब," ते बद्रीनाथला म्हणाले. "पुढं ओटा बांधा. आणि छज्जा असा काढा की सावली मावशीच्या डोक्यावर पडेल."

"अहो, मशीन मावेल का?" नजमाबी म्हणाल्या.

"आडवी लावीन."

सरूबाई टोपलीकडं बघत म्हणाली, "शिलाई वाकडी व्हती, आता मशीनबी वाकडी." आणि कोथिंबिरीची जुडी त्यांच्याकडं भिरकावली.

मग शेजारच्या गाळेवाल्यानं रेघ पुसली, मग त्याच्या शेजारच्यानं. कटलरीवाल्यानं फार विचार करून अर्धाच हात पुसला. सोमवारी सह्या झाल्या, पण बांधकाम नव्या नकाशाप्रमाणंच होईल अशी अट घालून. पुढं कचेरीत तो नकाशा आठ महिने फिरला. सगळं मनासारखं झालं नाही. हातगाड्यांचा बोळ अरुंदच राहिला. पण ओटा झाला. कटलरीवाल्यापाशी तो अजून अर्धा हात अरुंद होतो. ओट्याच्या पहिल्या टोकाला, छज्ज्याखाली, सरूबाई अकरा वर्षं बसली आणि मग तिची सून बसू लागली.

माझं म्हणाल तर भोकाची डबी रांगोळीला कशी चालणार? बाईंनी उद्यापनाला नवी आणली, मला टाकलं मात्र नाही. आता मी त्यांच्या नातसुनेच्या गॅलरीत असते, कपड्यांचे चिमटे सांभाळत. कपड्यांच्या गप्पाही काही वाईट नसतात.

परवा चिमटे काढता काढता ती फोनवर सांगत होती की तो बाजार आता पाडणार. तिथं काचेची सहा मजली इमारत येणार. चित्र फार सुंदर आहे म्हणे, झाडंसुद्धा दाखवली आहेत. असेलही सुंदर. मी मोडता घालत नाही. युसूफभाईंसारखं कुणी आजही पक्क्या छताची वाट बघत असेल.

तुमच्याही मोहल्ल्यात आज ना उद्या असं चित्र भिंतीवर लागेल. तेव्हा माझ्या बाईंनी केलं तसं एक करा, एवढा नेम घ्या. सही करण्याआधी एका सकाळी ते जमिनीवर काढा. रांगोळी नसेल तर चुना घ्या, राख घ्या. सगळ्यांना बोलवा आणि आत चालायला सांगा. मग थोडं थांबा, आणि रेघांच्या बाहेर कोण उभं राहिलंय ते बघा. त्यांच्यापाशी जा. नाव विचारा. त्यांना टोपली टेकवायला जागा झाली, की मग खुशाल सही करा.