गाडीवरून काढलेला भाग

"दाबा, साहेब," जीपखालून आवाज आला.

भालचंद्ररावांनी प्लास्टरमधला डावा हात छातीशी धरला आणि उजव्या पायाने ब्रेक दाबला.

"धरून ठेवा. सोडा. परत दाबा."

पेडल निम्म्यावर येऊन घट्ट थांबलं. भालचंद्ररावांच्या पायाला ते कळलं आणि त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनी जरा जास्तच जोर लावून पाहिला. निदान आता तरी काहीतरी फुटावं, अशी त्यांची अपेक्षा होती. काही फुटलं नाही. जीपचं नाक बसलं होतं, रेडिएटर मागे पंख्यात घुसला होता, डावा मडगार्ड चाकाला मिठी मारून होता. ब्रेक मात्र सरकारी नोकरीसारखे पक्के होते.

गुणवंत पाठीवर सरकत बाहेर आला आणि उठून बसला. साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. मिशांना ग्रीसची एक काळी कड.

"ब्रेक उत्तम आहेत," तो म्हणाला. "शेवटचे कधी केले होते?"

"दिवाळीत. मी स्वतः उभा राहून करून घेतले."

"छान केलेत."

त्या दिवशी भालचंद्ररावांना ही स्तुती नको होती. त्यांना फुटका ब्रेक हवा होता.

झालं होतं असं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी भालचंद्ररावांना काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवायला कायमची मनाई केली. वीस वर्षं दर एप्रिलमध्ये दोघं नवराबायको ही मिलिटरीच्या लिलावातली जीप घेऊन पहाडात जात. ते थांबू नये म्हणून सुमित्राबाईंनी, पहाडगंजच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर, एकोणसाठाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं. शिकवणारे अर्थात भालचंद्रराव. त्यांची शिकवण्याची पद्धत कार्यालयीन होती: आधी सूचना, मग स्मरणपत्र, मग कारणे दाखवा. तरीही दोन महिन्यांत बाई आर. के. पुरमहून कॅनॉट प्लेसपर्यंत जीप नेऊन परत आणू लागल्या. सेक्टरमधल्या बायका गॅलरीत येऊन बघत. बाई वर बघत नसत, पण बायका बघताहेत हे त्यांना ठाऊक असे.

मग मार्चमध्ये, हिंदूराव हॉस्पिटलच्या उतारावर, एक माकड आडवं आलं. बाईंनी पाय दाबला. पाय चुकीच्या पेडलवर होता. माकड वाचलं. दगडी भिंतही वाचली. हॉस्पिटल दोनशे पावलांवर होतं. अपघातात इतकी सोय क्वचितच होते. भालचंद्ररावांचं मनगट मोडलं, सुमित्राबाईंना खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना सहन होईना.

त्या दिवसापासून जीपची किल्ली देवाच्या तसबिरीमागे गेली. किल्लीपुरतंच असतं तर भालचंद्ररावांनी वाट पाहिली असती. पण बाई जिना उतरताना कठडा धरू लागल्या. रस्ता ओलांडायचा तर कोणी सोबत येतंय का, ते बघू लागल्या. गॅस बंद केलाय ना, हे दोनदा उठून पाहू लागल्या. ज्या पायाने एकदा दगा दिला, त्याच्यावर त्यांचा आता कशाही बाबतीत विश्वास उरला नव्हता.

"ब्रेक फेल झाला होता," भालचंद्रराव तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले. "मला आवाज आला होता."

सुमित्राबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. प्लास्टर त्यांच्या डाव्या हाताला होतं, तरी त्या त्यांची पोळी मोडून देत होत्या.

"मग दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फेल झालेला ब्रेक. नुसतं उत्तर नको मला. रीत दाखवा."

सरकारी क्वार्टर आता मुलीच्या, उल्काच्या नावावर होतं. ती मंत्रालयात नोकरीला लागल्यावर ते तिला मिळालं होतं, त्यामुळे भिंतीत खिळा ठोकायचा तरी भालचंद्रराव आता तिची मंजुरी घेत. तिने पर्स उचलता उचलता निकाल दिला होता: "बाबा, बिल्कुल सेंटिमेंटल होऊ नका. कबाडवाल्याला देऊन टाका, बात खतम."

पण भालचंद्ररावांना रीत दाखवायची होती, म्हणून ते मायापुरीतल्या या गॅरेजात आले होते. या जुन्या जातीची जीप दिल्लीत कोण उभी करून देईल, असं त्यांनी चार ठिकाणी विचारलं, आणि चारही ठिकाणी एकच नाव आलं. ते नाव त्यांना विचारण्याआधीपासून माहीत होतं. म्हणूनच त्यांनी चार ठिकाणी विचारलं होतं.

गुणवंत हा त्यांच्याच खात्यातला एकेकाळचा ड्रायव्हर. वऱ्हाडातून आलेला. सत्तर साली त्याने खात्याची अशीच एक जीप मेहरौलीच्या वाटेवर पुलाच्या कठड्यावर घातली होती. ब्रेकचा रबरी पाइप फुटला, पेडल खाली गेलं, असं त्याने लिहून दिलं. चौकशी अधिकारी भालचंद्रराव होते. गुणवंतने फुटलेला पाइप कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. भालचंद्ररावांनी विचारलं, हा त्याच गाडीचा कशावरून? गाडीवरून काढलेला भाग पुरावा होत नाही. त्यांनी पाइपला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात 'ग्राह्य नाही' असं लिहिलं आणि पाइप परत केला. वर्कशॉपचा अहवाल आला: ब्रेक व्यवस्थित. गुणवंतच्या दोन वेतनवाढी थांबल्या. वर्षभरात त्याने नोकरी सोडली आणि गॅरेज टाकलं.

सहा महिन्यांनी त्या फायलीत मागे एक कागद भालचंद्ररावांच्या हाती लागला होता. वर्कशॉपने नियमाप्रमाणे गाडी आधी दुरुस्त केली होती, नवीन पाइप घातला होता, आणि मग तिची तपासणी केली होती. तपासणीत ब्रेक व्यवस्थित निघाले यात नवल नव्हतं. भालचंद्ररावांनी तो कागद दोनदा वाचला. प्रकरण बंद झालेलं होतं. त्यांनी फायलीची नाडी बांधली, आणि नेहमीपेक्षा एक गाठ जास्त मारली.

"गुणवंत," ते आता जीपमधून उतरत म्हणाले, "तू मला एक लिहून देशील का? तुझ्या छापील कागदावर. ब्रेक फेल होता म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माकड, पेडल, कठडा, गॅस. गुणवंत हात पुसत ऐकत होता. सगळं झाल्यावरही तो बराच वेळ हातच पुसत राहिला.

"ब्रेक फेल होता म्हणून मी एकदा लिहून दिलं होतं, साहेब," तो म्हणाला. "चाललं नव्हतं."

भालचंद्ररावांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे टायर कंपनीचं कॅलेंडर होतं, हनुमानाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी खिळ्याला एक काळा रबरी पाइप लटकत होता. त्याला पुठ्ठ्याची पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली होती. भालचंद्ररावांचे डोळे अधू होते, पण स्वतःचं अक्षर ओळखायला फार डोळे लागत नाहीत. त्यांनी कॅलेंडरवरची तारीख पाहिली. आज कोणता वार, यात त्यांना एकाएकी रस निर्माण झाला.

"गाडी उभी करून देतो," गुणवंत म्हणाला. "बाकीचं बघू."

दोन महिने भालचंद्रराव रोज बसने मायापुरीत येत होते. गुणवंतने चासीचा वाकलेला दांडा तापवून, साखळीने खेचून सरळ दोऱ्यात आणला. रेडिएटर झाळून घेतला. पुढची जाळी मिळेना, ती शेवटी भंगाराच्या एका ढिगात सापडली, एका मेलेल्या जीपच्या तोंडावर. मडगार्ड त्याने नवीन घेतला नाही. लाकडी हातोडीने तासन् तास ठोकून तोच सरळ केला. नवीन घेतला असता तर लवकर झालं असतं, असं भालचंद्ररावांनी सुचवलं.

"लवकर होतं," गुणवंत म्हणाला, "पण मग तो हाच मडगार्ड नसतो."

भालचंद्रराव एका उलट्या टायरवर बसून एका हाताने पॉलिशपेपर घासत. सल्ले देत. गुणवंत ते ऐकून घेई आणि आपल्याला हवं तेच करी. बावीस वर्षांपूर्वी हे उलटं चालत असे. दोनदा त्यांनी धीर केला.

"गुणवंत, त्या सत्तर सालच्या प्रकरणात—"

"साहेब, तो मोठा पाना द्या."

त्यांनी पाना दिला. दुसऱ्यांदा त्याने स्क्रू ड्रायव्हर मागितला. तिसऱ्यांदा भालचंद्ररावांनी विषयच काढला नाही, नुसताच हात पुढे केला, आणि गुणवंतने त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

ग्लास रिकामा करता करता गुणवंत एकदा आपणहून बोलला. त्याची मुलगी हेमलता बाईंच्या वर्गात होती. नववीत बाईंनी तिला गणितात नापास केलं. पोरगी रडली, हाही रागावला. मग बाईंनी तिला वर्षभर रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. आता ती फरिदाबादला बँकेत होती.

"हे तुमच्यासाठी नाही करत मी, साहेब," तो म्हणाला. "सांगितलेलं बरं."

भालचंद्ररावांनी मान डोलावली. तसं ते त्यांना माहीतच होतं, पण ऐकून त्यांना कसं कोण जाणे, हलकं वाटलं.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी गुणवंत जीप घेऊन आर. के. पुरमला आला. हिरवा रंग, नवा हूड, तोंडावर दुसऱ्या जीपची जाळी. भालचंद्ररावांचं प्लास्टर निघालं होतं. सुमित्राबाई कठडा धरून खाली आल्या. जीपपासून चार हात लांब उभ्या राहिल्या, जशा शाळेत प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहत.

"छान झाली," त्या म्हणाल्या. "आता घेणारा बघा कोणी."

गुणवंतने सीटखालून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली आणि बॉनेटवर उलगडली. आत एक काळा रबरी पाइप होता. मधोमध फुटलेला, वीतभर लांब.

"हा निघाला, बाई," तो म्हणाला. "ब्रेकचा."

भालचंद्ररावांनी पाइपकडे पाहिलं. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीची दोरी जिथे बांधलेली असायची, तिथे रबरावर एक बारीक फिकट वळ तेवढा राहिला होता.

सुमित्राबाईंनी चष्मा लावला. पाइप उचलला, वाकवला, फुटलेल्या जागेवर नख फिरवलं. त्यांच्या बोटांना जराशी धूळ लागली. ती त्यांनी नीट पाहिली.

"हा आपल्याच जीपचा कशावरून?"

 गुणवंतने खिशातलं फडकं काढलं आणि आधीच स्वच्छ असलेले हात पुसू लागला. वरच्या गॅलरीत कोणीतरी पापड वाळत घालत होतं. भालचंद्रराव गुणवंतकडे बघत होते, आणि गुणवंत फडक्याकडे.

"तो सांगतोय म्हणून," भालचंद्रराव म्हणाले.

"एवढ्यावर मानलंत तुम्ही? तुम्ही?"

"मानलं." त्यांनी घसा साफ केला. "गाडी त्याच्या हातात होती. काय झालं ते त्यालाच माहीत असणार. पाइप फुटला असं तो म्हणतो, म्हणजे फुटला."

गुणवंतचं फडकं थांबलं.

सुमित्राबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गुणवंतकडे. दोघंही वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या आणि एकसारखं उत्तर लिहिलेल्या मुलांसारखे उभे होते. पस्तीस वर्षांत अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"रबर फार जुनं दिसतंय, गुणवंतराव," त्या म्हणाल्या. "फुटूनही बरीच वर्षं झालेली दिसतात."

"हो, बाई," गुणवंत म्हणाला. "पण फुटला होता."

त्याचा आवाज खाली आला होता. बाईंनी पाइप परत कागदात ठेवला, चारी बाजूंनी घड्या घातल्या, आणि पुरचुंडी गुणवंतला न देता भालचंद्ररावांच्या हातात दिली. मग त्या वळल्या आणि जिना चढून वर गेल्या.

दोघं खाली उभे राहिले.  भालचंद्ररावांनी पुरचुंडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मे महिन्यात ते कोट का घालतात, हे त्यांना कोणी कधी विचारत नसे.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. उतरताना त्यांचा दुसरा हात कठड्यावर नव्हता, पदर खोचण्यात गुंतला होता.

"गुणवंतरावांना मायापुरीला सोडून येऊ," त्या म्हणाल्या. "आणि आज मला कोणी काही शिकवायचं नाही."

त्या स्टिअरिंगवर बसल्या. सीट पुढे ओढली. तीनही पेडलं एकेक करून पायाने चाचपली, ओळखीची माणसं मोजावीत तशी.

गुणवंत सवयीने मागच्या बाजूला गेला. तिथे भालचंद्रराव आधीच चढत होते. एक गुडघा वर, दुखरा हात हुडाच्या दांडीला, कोट मागच्या फाळक्यात अडकलेला. आयुष्यात ते जीपच्या मागच्या बाकावर कधी बसले नव्हते, आणि तिथे कसं चढायचं हेही त्यांना नीट माहीत नव्हतं.

"साहेब, पुढे बसा," गुणवंत म्हणाला. "पुढची जागा तुमची आहे."

"तू बस," भालचंद्रराव कोट सोडवत म्हणाले. "मला पुढून काही दिसत नाही."

 गुणवंत पुढे येऊन सुमित्राबाईंच्या शेजारी बसला, अवघडून, गुडघ्यांवर हात ठेवून. जीप सुरू झाली. सेक्टरच्या फाटकाशी एक सायकलवाला आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला, आणि जीप जागच्या जागी उभी राहिली.